सकाळ सगळ्यांची, दुपार विकत

शून्य रुपयांची पावती देणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. पावती अगदी खरी. वर घेणाऱ्याचं नाव, खाली सही, मधे ठसठशीत अक्षरांत "रक्कम रुपये शून्य फक्त, मिळाली." त्या 'फक्त'वर त्यांचा फार जीव. "लिहायचंच," त्या म्हणायच्या, "नाहीतर उद्या कुणीतरी शून्याच्या अलीकडे आकडा घालेल आणि इन्कमटॅक्सवाले माझ्या दारात." गाझियाबादपासून गुडगावपर्यंतची मराठी मंडळी त्यांना पावतीकाकू म्हणायची. पाठीमागे नाही, तोंडावर. त्यांना ते आवडायचं.

पावती कसली, तर उताऱ्याची. 'उतारा' हे त्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर. छापील कागदाचा फोटो त्याला द्यायचा, की त्यातली देवनागरी अक्षरं ओळखून ते सगळा मजकूर टाइप करून हातात ठेवतं. काकूंनी ते ओपन सोर्स केलं होतं, म्हणजे आतला कोड सगळ्यांसमोर उघडा. कुणीही घ्या, वापरा, बदला, हवं तर विका. परवानगी मागायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. दिल्लीतल्या किती कचेऱ्या, किती छापखाने, किती वकील ते वापरायचे याचा पत्ता खुद्द काकूंनाही नव्हता. पण ज्यानं मेल करून कळवलं, त्याला पावती जायचीच.

मला माझी पावती आली तेव्हा मी मुनिरकात राहत होते. बाबा केंद्र सरकारी नोकरीत, त्यामुळे मी वाढले दिल्लीतच, पण विद्यापीठात आल्यावर घर सोडून खोली घेतली. खिडकी उघडली की समोरच्याच्या दोरीवरचे टॉवेल आपल्या टेबलावर येतात, तसली खोली. आमचा एक गट होता. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचे, उत्तरं मिळवायची, त्यावर पत्रकं काढायची आणि मेट्रोच्या तोंडाशी उभं राहून वाटायची. सरकारी उत्तरं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. ती वाचून टाइप करता करता आमची अर्धी चळवळ चष्म्याला लागली होती. कुणीतरी उतारा सुचवला. जे काम आठवडाभर चालायचं ते चहा थंड व्हायच्या आत झालं. मी भारावून मेल लिहिलं, धन्यवाद, क्रांतिकारी वगैरे. उत्तरात आली शून्याची पावती.

पावतीवर फोन नंबर होता. मी फणफणत फोन लावला.

"मॅडम, हा टोमणा आहे का?"

"थोडासा," पलीकडून शांत आवाज आला. "पण मुख्य म्हणजे माहिती आहे. ही वस्तू झाडाला लागलेली नाही, कुणीतरी बसून केलीय, एवढं कळलं तरी पुरे. मराठी आहात ना? मग मॅडम काय म्हणता? रविवारी या जेवायला. वैशाली मेट्रोला उतरा, तिथून रिक्षा."

मी गेले. काकू पन्नाशीच्या, उंच, आवाज बारीक, केस स्वतःच कापल्यासारखे. मूळ पुण्याच्या. नोएडातल्या एका कंपनीत बरीच वर्षं चांगल्या पगारावर काढली आणि मग उताऱ्यासाठी नोकरी सोडली. त्या एकट्याच राहत. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, त्यातली मोठी खोली कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर यांची. गाझियाबादला वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून इन्व्हर्टरला घरात मोठ्या जावयाचा मान होता. जेवायला मटारची उसळ आणि खालच्या ठेल्यावरचे कुलचे. "पोळ्या करण्यात सकाळ घालवत नाही मी," त्या म्हणाल्या, "सकाळ माझी नाहीये."

हे त्यांचं दुसरं नेहमीचं वाक्य. त्यांची दिवसाची वाटणी ठरलेली होती. सकाळी उताऱ्याचा कोड. तो सगळ्यांचा. जेवण झालं की दुपार, आणि दुपार विकत. कुणाच्या कचेरीत उतारा बसवून द्यायचा असेल, कुणाच्या जुन्या टाइपरायटरचं अक्षर त्याला शिकवायचं असेल, कुणाला फोनवर धरून समजावायचं असेल, तर त्यानं पैसे मोजायचे आणि दुपार घ्यायची. सकाळी फोन आला की त्या म्हणायच्या, "आत्ता नाही. आत्ता मी सगळ्यांची आहे." जेवण आटोपून हात पुसत फोनपाशी बसल्या की, "हं, आता बोला, दुकान उघडलं." घासाघीस करणारा कुणी भेटला तर त्याच्यासाठी त्यांचं हिंदी वाक्य तयार होतं: "भाईसाहब, सॉफ़्टवेयर मुफ़्त है, मैं नहीं हूँ।"

मला हे तेव्हा पटलं नव्हतं. मी सोबत आमचं ताजं पत्रक घेऊन गेले होते. मथळा होता "ज्ञान विकणाऱ्यांनो, चालते व्हा!" काकूंनी ते हातात धरून शेवटपर्यंत वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मीपण चालती होऊ का?"

"तुम्ही कुठे ज्ञान विकता, काकू."

"दुपार तर विकते. दुपार माझी आहे ना? की तीही चळवळीची?" पेन काढून त्यांनी माझी सगळी उद्गारचिन्हं खोडली. "आता वाच. बघू राग किती उरतो." राग बऱ्यापैकी उरला होता, हे त्यांनीही मान्य केलं. "चांगलं आहे. फक्त यात भाडं कोण भरतं ते लिहिलेलं नाही." त्या दिवसापासून मी त्यांची 'पत्रके' झाले. आडनाव असावं तसं. "ये पत्रके, बस. काय जाळून आलीस आज?"

देणग्या त्या घेत नसत. मी म्हटलं, लोकांना आवाहन करू, मी लिहिते. त्या म्हणाल्या, "देणगीवाला एकदा देतो, फोटो काढतो आणि जातो. गिऱ्हाईक दरवर्षी येतं आणि भांडतं. मला भांडणारं माणूस हवंय." हा त्यांचा हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर तीच त्यांची सगळी लढाई होती: उतारा उघडा राहिला पाहिजे आणि त्याच्यावर त्याच्या बाईचं पोटही भरलं पाहिजे. दोन्ही. एकासाठी दुसरं सोडायचं नाही. मला वाटायचं, यात लढाई कसली? आता कळतं की मी ज्या घोषणा देत होते त्यांतली एकही इतकी अवघड नव्हती.

दुपारच्या पैशानं जे काम व्हायचं तेही शेवटी उताऱ्यातच जाऊन पडायचं, म्हणजे सगळ्यांचं व्हायचं. गाझियाबाद कोर्टातले एक वकील होते. उताऱ्याला जमिनीचे जुने कागद वाचता यावेत म्हणून त्यांनी काकूंच्या बऱ्याच दुपारी घेतल्या. काम झालं आणि त्यांना कळलं की ही सुधारणा आता सगळ्यांना फुकट मिळणार. ते घरीच येऊन थडकले. मी तिथेच होते.

"मैडम, पैसा मेरा, और भला सबका?"

"वकील साहब, पिछले साल किसी और के पैसे से आपका हुआ था।"

वकील पाणी प्यायले. जाताना पुढच्या महिन्याच्या दोन दुपारी सांगून गेले.

'ळ' मात्र तसाच राहिला होता. हिंदीला त्याची गरज नाही, आणि पैसे देणारे सगळे हिंदीवाले, त्यामुळे उतारा 'काळ' दिसला की 'काल' लिहायचा आणि 'मूळ'चं 'मूल' करायचा. "मराठी माणूस पैसे देत नाही, तक्रार पाठवतो," काकू म्हणायच्या. "ळ मला माझ्या सकाळींतूनच करावा लागणार."

आमच्या मुनिरकातल्या इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर, हारून राहायचा. परभणीचा, एम.ए. करत होता. त्याला जन्मापासून दिसत नाही. मराठीची पुस्तकं त्याला मिळायची ती छापील. तो ती कुणाकडून तरी स्कॅन करून घ्यायचा, उताऱ्यातून काढायचा आणि कॉम्प्युटरकडून ऐकायचा. मी काकूंशी त्याची गाठ घालून दिली आणि मग मलाच त्या दोघांत जागा उरली नाही. हारून तक्रारीशिवाय फोन करत नसे.

"काकू, तुमच्या उताऱ्यानं आज माझा घात केला. 'शाळा बंद पडल्या' असं आहे, तो मला 'शाला बंद पडल्या' ऐकवतो. मी अर्धा तास शाल शोधत होतो."

"थंडी आहे, सापडली असती तर बरंच झालं असतं. पान पाठव."

त्याच्यासारखा कान कुणाला नव्हता. आम्ही डोळ्यांनी वाचणारे चुकीवरून सरकून जातो, त्याला ती टोचते. काकूंनी त्याला तपासणीला लावलं आणि त्याचेही पैसे ठरवले. तो संकोचला. "काकू, मी तर माझ्याच अभ्यासासाठी करतो." "सकाळी तुझ्यासाठी कर. दुपारी माझ्यासाठी केलंस तर पैसे घे. घेतले नाहीस तर ती वेठ होईल." मला वेठ हा शब्द माहीत नव्हता. दिल्लीत वाढलेल्या मराठीतून असे शब्द कधी गळून जातात ते कळतही नाही. काकूंनी सांगितलं: काम करून घ्यायचं आणि मोबदला द्यायचा नाही. "आणि वर म्हणायचं, किती छान, किती निःस्वार्थी." त्यानंतर तो शब्द मला जाईन तिथे दिसायला लागला.

जानेवारीत मराठी मंडळाची बस पानिपतला जायची, काला अंबच्या स्मारकाला. काकू न चुकता यायच्या. एका वर्षी त्यांच्या शेजारी गुडगावच्या एका कंपनीतले मोठे साहेब बसले. मुंबईचे, हसरे, बूट चकचकीत. सोनीपत मागे पडेपर्यंत ते मराठी माणसानं धंद्यात कसं उतरलं पाहिजे ते सांगत होते. मग स्वतःच्या कंपनीवर आले. त्यांचं नवं उत्पादन हिंदी कागद वाचतं, बँका घेतात, बाजारात दुसरं तसं नाही. काकूंनी विचारलं, अक्षर ओळखायला आत काय वापरता?

"ते एक ओपन सोर्स आहे काकू, उतारा म्हणून. फ्री मिळतं, मस्त चालतं."

"बिघडलं तर?"

"त्याला कम्युनिटी असते ना. ते बघतात."

"कम्युनिटी मीच," काकू म्हणाल्या. "खिडकीत बसलेय."

मागच्या सीटवर मी तोंडात रुमाल कोंबला. साहेबांना काही क्षण काही कळलं नाही, मग सगळं एकदम कळलं. ते मनापासून लाजले, हे मी पाहिलं, आणि लाजणं म्हणजे पैसे देणं नव्हे हेही नंतर पाहिलं. त्यांनी कार्ड दिलं. काकूंनी घरी आल्यावर कंपनीच्या नावे पावती पाठवली. उत्तरात अंगठा आला. वर केलेला अंगठा, पिवळा.

तुम्ही म्हणाल, परवानगी तर काकूंनीच दिली होती. हो, दिली होती. पाणपोई घालणाऱ्यानंही परवानगी दिलेली असते. म्हणून कुणी टँकर लावून पाणी भरून नेत नाही, आणि नेलंच तर निदान वर पाणपोईवाल्याला अंगठा दाखवत नाही. काकूंसमोर मी हे बोलले की त्या मला गप्प करायच्या. "नेऊ देत. नेण्यासाठीच ठेवलंय. मला फक्त विहीर उपसायला माणूस लागतो आणि तो माणूस मी आहे."

मग ते मोठं काम आलं. एका सरकारी कचेरीत उतारा दोन वर्षं वापरात होता. जुनं दप्तर, लाखभर पानं. तिथले वरिष्ठ अधिकारी साठेसाहेब, साताऱ्याकडचे, दिल्लीत मुरलेले. त्यांनी आपणहून काकूंना बोलावलं. "ताई, रोज काहीतरी अडतं आणि आमची पोरं तुम्हाला फोन करतात. हे बरोबर नाही. वर्षाचा देखभालीचा करार करू. तुम्ही रक्कम सांगा." काकूंनी सांगितली. ती रक्कम मिळाली असती तर त्यांच्या सगळ्या दुपारी एका जागी विकल्या गेल्या असत्या आणि सकाळी बिनघोर झाल्या असत्या. त्या सुमारास पुण्यात त्यांच्या आईला दिवसभराची बाई ठेवावी लागली होती. काकू बोलून दाखवत नसत, पण घरातला हीटर त्या फक्त पाहुणे आले की लावायच्या.

फाइल महिनाभर फिरली आणि मग काकूंना बोलावणं आलं; मीही बरोबर गेले. साठेसाहेबांच्या खोलीत हिशेब विभागाचे बाबू फाइल उघडून बसले होते. फाइलीत, सुतळीनं नीट ओवलेली, काकूंची पावती होती. शून्य फक्त. त्यावर कचेरीचा आवक शिक्का.

"मैडम, पिछला रेट शून्य है," बाबू म्हणाले. अत्यंत अदबीनं. "इस बार रेट बढ़ने का कारण?"

"वो सॉफ़्टवेयर का था। वो आज भी शून्य है। ये मेरी मेहनत का है।"

"मेहनत तो आपने पिछले साल भी की होगी?"

"की थी।"

"तो वो भी शून्य में थी।"

बाबूंनी एक रकाना दाखवला. मागच्या दरापेक्षा वाढ किती टक्के ते तिथे लिहावं लागतं. शून्यावर टक्के निघत नाहीत. रकाना रिकामा ठेवला तर ऑडिट विचारणार. मी उसळले, म्हटलं, पावती म्हणजे दर नव्हे, ती तर आठवण आहे, दुनियेला सांगायला... बाबूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बेटा, फ़ाइल में जो लगा है, वो काग़ज़ है।"

बाबू गेल्यावर साठेसाहेबांनी दार लोटलं. "ताई, एक वाट आहे. डाउनलोड बंद करा. उताऱ्याला दुसरं नाव द्या, कोड कुलपात ठेवा, लायसन्सला किंमत लावा. म्हणजे ती नवीन वस्तू झाली. नवीन वस्तूला मागचा दर नसतो. मी उद्या सही करतो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

साठेसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं बाकीचे कोण ते. त्यांना हारून कधी दिसलाच नव्हता.

खाली कचेरीच्या हिरवळीवर लोक उन्हात बसून शेंगा सोलत होते. मी पायऱ्यांवरूनच सुरू झाले. पत्रक काढू, धरणं धरू, मंत्र्यांपर्यंत जाऊ. काकू गवतावर बसल्या, चपला काढल्या आणि एकाएकी हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"धरणं कुणाविरुद्ध, पत्रके? सही माझी आहे."

"तुम्ही हसता काय, काकू!"

"मग काय करू? इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय की बघा, याला माणूस लागतो. आणि तेच मी शून्य लिहून, सही करून देत आले. फक्त." त्यांनी डोळे पुसले. "तो बाबू बरोबर बोलला गं. मेहनतीचा आकडा मी कधी लिहिलाच नाही."

कुलूप लावायचं की नाही, यावर काही दिवस घरात तोच एक विषय होता. हारून म्हणाला, "काकू, लावा. तुम्ही टिकलात तर सगळं टिकेल. आम्ही जुनाच वापरू." काकू म्हणाल्या, "जुना किती दिवस? रोज तूच रडतोस." मीही, घोषणा देणारी मी, एकदा हळूच म्हटलं की लावा. त्यांनी मान हलवली. "घर माझं एकटीचं असतं तर लावलं असतं. वकिलाच्या पैशानं त्यात खिडकी बसलीय. हारूनच्या कानानं भिंती सरळ झाल्यात. कुठली कुठली माणसं, कधी न भेटलेली, एकेक वीट लावून गेलीत. त्यांच्या सामानासकट कुलूप कसं लावू?" विषय तिथे संपला. साठेसाहेबांना त्यांनी फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि वर आभारही मानले.

त्या वर्षाच्या उन्हाळ्यात गुडगावच्या त्या साहेबांचा फोन आला. आमच्याकडे या, म्हणाले. पुण्यात आमचं ऑफिस आहे, आईजवळ राहा, पगार हा. पगार चांगला होता. उताऱ्याच्याच जोरावर चालणाऱ्या उत्पादनावर काम. म्हणजे जी कंपनी एका दुपारचे पैसे देत नव्हती, ती आता सगळी बाई घ्यायला तयार होती. फक्त करारात एक कलम होतं. नोकरीत असेपर्यंत बाहेरच्या कुठल्याही कोडला हात लावायचा नाही. मदत नाही, सल्ला नाही, चर्चासुद्धा नाही. साहेब म्हणाले, लीगलचा नियम आहे काकू, सगळ्यांना असतो.

मी भांडले. अगदी आवाज चढवून. त्यांनी मला बोलू दिलं, आणि मग म्हणाल्या, "आई मला रोज विचारते, तू काय करतेस. मी सांगते, अक्षरं ओळखते. ती आता मला ओळखेनाशी होत चाललीय. मला जाऊ दे."

यावर कुठलं पत्रक काढायचं?

जायच्या आधीचे काही आठवडे हारून आणि मी रोज गाझियाबादला जायचो. त्या आम्हाला उताऱ्याचं एकेक दार उघडून दाखवत होत्या, कुठे काय ठेवलंय, कुठली वीट हलवली की काय पडतं. हारून ऐकून लक्षात ठेवायचा, मी लिहून घ्यायचे. आम्हाला त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. शून्याची पावती आजपासून बंद. आणि दुपारचा दर आधी सांगायचा, काम नंतर. "लाजलात तर माझं नाव सांगू नका." शेवटच्या सकाळी घरात सामान बांधलेलं, पंखा तेवढा फिरत होता, आणि त्या खोक्यावर बसून ळ करत होत्या. दुपार व्हायच्या सुमारास त्यांनी हारूनला म्हटलं, "ऐक." कॉम्प्युटरनं वाचलं: शाळा, काळ, मूळ, सगळं. हारून म्हणाला, "पुन्हा." पुन्हा वाचलं. "बरोबर आहे काकू." इतक्या वर्षांत त्याच्याकडून त्यांना मिळालेली ही पहिली शाबासकी. त्यांनी मशीन बंद केलं. "चला, जेवू."

उतारा चालू आहे. हारून आपल्या दुपारी विकतो, मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते. साठेसाहेब निवृत्त झाले, पण जाण्याआधी त्यांनी फाइलीत प्रशिक्षण म्हणून एक रकाना शोधून ठेवला आणि त्यातून थोडं काम येतं. आमचं दोघांचं भाडं निघतं, कधी अर्धंच निघतं. चिडायला मला भरपूर उरलंय. बँकेत जाऊन तुम्ही कागद दिलात आणि तो मशीननं वाचला, तर तो काकूंनी वाचलाय, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पण काकू इथे असत्या तर हे वाक्य त्यांनी निम्मं कापलं असतं, हेही कळतं. वैशालीकडे जाणारी मेट्रो समोर आली की अजून पाय आपोआप आत जातात. मग पुढच्या स्टेशनला उतरून परत फिरते.

रविवारी मी त्यांना फोन करते. आईची तब्येत, पुण्याचा उन्हाळा, माझं लग्न, असलं बोलणं होतं. उताऱ्याचं नाव त्या काढत नाहीत, मीही नाही. कलम आहे. मागच्या रविवारी मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. जोडाक्षरांत एक भानगड झाली आहे, हारून आणि मी आठवडाभर तिच्यात अडकलो आहोत. मी म्हटलं, "काकू, ते 'ज्ञ' आहे ना..."

"सांगू नकोस," त्या चटकन म्हणाल्या. "मला चालत नाही."

"सॉरी काकू."

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. त्या फोन ठेवतील असं वाटलं. मग अगदी हळू, कुणी शेजारी बसलंय आणि त्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"तू बोल. मी काही म्हणणार नाही."

मी बोलत राहिले. कुठल्या पानावर बिघडतं, कुठल्या ठशात, आम्ही काय काय करून पाहिलं, सगळं. पलीकडून शब्द नाही. फक्त मी चुकीच्या बाजूला वळले की त्यांचा श्वास थोडा थांबायचा. मग मी मागे यायचे, दुसरीकडून सांगायला लागायचे, आणि श्वास पुन्हा सुरू व्हायचा.